अर्जाखालची बारीक अक्षरं

जून १८८३ मध्ये अमेरिकेतल्या रोझेल नावाच्या लहानशा गावातून अठरा वर्षांच्या एका मुलीने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. ती आपल्याला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून माहीत आहे. तिच्यावर कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा आहे. पण त्या पत्राकडे आपण प्रवेशअर्ज म्हणून फारसं पाहत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. बारावीच्या मुलांचे परदेशी विद्यापीठांचे अर्ज वाचून देण्याचं काम गेल्या काही वर्षांत आपोआप माझ्याकडे आलं आहे. त्यामुळे आनंदीबाईंचं पत्रही मी आता अर्ज म्हणूनच वाचते, आणि अर्ज म्हणून ते फार पक्कं आहे.

त्यात ती आधीच सांगून टाकते, की कॉलेजच्या सगळ्या अटींत मी बसत नसेन, पण माझी गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सवलत द्या. मग ती स्वतःची जमेची बाजू मांडते. आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून मी इतक्या लांब आले, हा निश्चयच मला पुढे नेईल. आणि शेवटी हेतू: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, मला त्यांच्यासाठी शिकायचं आहे.

इंग्लंडमधल्या पदवीसाठी मुलं 'युकास' या पोर्टलवरून अर्ज करतात. तिथे २०२६ च्या प्रवेशापासून एका लांबलचक निबंधाऐवजी तीन प्रश्न विचारले जातात. हाच विषय का? आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची काय तयारी झाली? आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत? सगळी उत्तरं मिळून ४००० अक्षरांत बसवायची. आनंदीबाईंनी जवळपास याच प्रश्नांची उत्तरं १४० वर्षांपूर्वी, न विचारता देऊन ठेवली होती. त्या काळी अमेरिकेत एम.डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी असे. आधी दुसरी पदवी लागत नसे. म्हणजे आज बारावी होऊन परदेशी पदवीला अर्ज करणाऱ्या मुलीच्या जागीच ती उभी होती.

पण अर्जात जे लिहिलेलं असतं ते अर्धंच. उरलेलं अर्ध त्याच्या खाली, बारीक अक्षरांत असतं. पैसे कोण देणार? आणि देणारा बदल्यात काय मागणार? परदेशी शिक्षणाचा आपल्याकडचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त ही बारीक अक्षरंच दिसतात.

धर्म बदलाल का?

आनंदीबाईंचा अर्ज त्या पत्राच्या पाच वर्षं आधी सुरू झाला होता आणि तो त्यांनी नव्हे, त्यांच्या नवऱ्याने केला होता. गोपाळराव जोशी पोस्टखात्यात होते. कोल्हापुरात असताना १८७८ मध्ये त्यांनी तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांकडे शब्द टाकला. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मला तिकडे काही काम मिळेल का? पत्र पोचलं रॉयल वाइल्डर यांच्याकडे. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात मिशनरी होते आणि आता प्रिन्स्टनहून मिशनऱ्यांसाठी नियतकालिक काढत होते. त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं, की ख्रिस्ती व्हायची तयारी असेल तर बोलू.

अट स्पष्ट होती. गोपाळरावांनी ती मानली नाही. गोष्ट तिथेच संपायची. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं. या बाईंनी धर्माची अट घातली नाही. पुढे रोझेलमध्ये आनंदीबाई उतरल्या त्या त्यांच्याच घरी. एका नकारपत्राची छापील प्रत तिसऱ्याच माणसाने वाचली आणि त्यातून दार उघडलं. अर्जाच्या इतिहासात असले योगायोग पुष्कळ आहेत आणि ते कुठल्याही मार्गदर्शन केंद्राच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत.

निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. लोक त्यांना रस्त्यात, पोस्टात, घरी येऊन जे सहा प्रश्न विचारत, त्यांची त्यांनी ओळीने उत्तरं दिली. अमेरिकेलाच का? इथे शिकता येत नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करायचं? परदेशी कॉलेजाने विचारायच्या आधी घरच्यांनी आणि गावाने विचारलेले हे प्रश्न आहेत. यातले निदान चार आजही मुलींना विचारले जातात. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी तिथे जाहीर केलं. म्हणजे एका बाजूने मिशनऱ्यांची अट होती आणि दुसऱ्या बाजूने समाजाची. पहिली त्यांनी नाकारली, दुसरी शब्द देऊन निभावली. या भाषणानंतर वर्गणी आली, खुद्द व्हाइसरॉयचीही आली. तरी दागिने विकावे लागले ते लागलेच.

मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने दवाखान्यातल्या स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही देऊ केली होती. ती सुरू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

पुरुष असाल तर

आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या त्याच वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एक मुलगी शिकत होती. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले, आई पुण्यात शाळा चालवणारी. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत उमेदवाराचा उल्लेख सगळीकडे 'तो' असा होता. 'तो' म्हणजे 'ती'सुद्धा, हे मान्य करायला १८८३ मध्ये ठराव करावा लागला होता. कॉर्नेलिया त्या उघडलेल्या फटीतून आत शिरलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. डेक्कन कॉलेजात ती एकटी मुलगी. वर्गातले मुलगे आपल्या तोंडावर दार लावून घेत, असं तिने पुढे आत्मचरित्रात लिहिलं.

ती पदवी परीक्षेत आपल्या तुकडीत पहिली आली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली पदवीधर स्त्री. त्या काळी सरकार दरवर्षी मोजक्या भारतीय पदवीधरांना इंग्लंडमध्ये शिकायला शिष्यवृत्ती देत असे. गुणांच्या हिशेबाने ती आपली होती, असं कॉर्नेलियाचं म्हणणं. पण ती बाई असल्यामुळे शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही. नियम लिहिताना बाई पहिली येईल ही शक्यता कुणी धरलीच नव्हती. वाइल्डर यांची अट निदान उघड होती. ही अट छापायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नव्हती.

मग ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवायला गेली. वर्गात सगळे मुलगे. इकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस यांनी वर्तमानपत्रातून आवाहन करून पैसे जमवले. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, विल्यम वेडरबर्न होते. सरकारने नाकारलेल्या शिष्यवृत्तीच्या जागी वर्गणीची शिष्यवृत्ती उभी राहिली, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या समरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

तिथे ती कायद्याकडे वळली. 'बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ', नावाने बॅचलर पण दर्जाने पदव्युत्तर असलेली परीक्षा, तिला द्यायची होती. आजवर कुठल्याही स्त्रीने ती दिली नव्हती. १८९२ मध्ये विद्यापीठाच्या सभेने तिच्यासाठी खास ठराव केला आणि ती परीक्षेला बसली. पास झाली. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना परीक्षा देऊ देत असे, पदवी देत नसे. स्त्रियांना पदव्या देण्याचा नियम झाला १९२० मध्ये. कॉर्नेलियाने आपली पदवी हातात घेतली १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. पुढच्या वर्षी लंडनच्या लिंकन्स इनने तिला बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली.

मधल्या तीस वर्षांत ती काही पदवीची वाट पाहत बसली नव्हती. कलकत्त्यात कोर्ट ऑफ वॉर्ड्सची सल्लागार म्हणून १९०४ पासून तिने जमीनदार घराण्यांतल्या पडद्यातल्या विधवांची आणि पोरक्या मुलांची शेकडो प्रकरणं हाताळली. राजकारणात ती इंग्रजांच्या बाजूची राहिली, गांधींच्या विरोधात गेली. त्यामुळे आपल्या आठवणीतूनही ती जरा बाजूलाच पडली. पण 'पात्र आहे, तरी नियमात नाही' हे वाक्य ज्या कुणाला ऐकावं लागलं असेल, त्याने तिची गोष्ट एकदा वाचावी.

परत याल ना?

जी सरकारी शिष्यवृत्ती कॉर्नेलियाला मिळाली नाही, ती १८९६ मध्ये मिळाली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या कोकणातल्या मुलाला. मुर्डी गावचा, महर्षी कर्व्यांचा भाऊबंद आणि त्यांच्याच आधाराने शिकलेला. मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी हातात होती. तरी केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात जाऊन त्याला पुन्हा पदवीचीच परीक्षा द्यायची होती. इथली पदवी तिथे पहिल्या पायरीपुरतीच धरली जाई. हा प्रकार अजून संपलेला नाही. आपली बारावी पास झालेल्या बहुतेक मुलांना जर्मनीतल्या विद्यापीठात आजही थेट घेत नाहीत. आधी वर्षभर 'स्टुडियनकोलेग'मध्ये तयारी करून परीक्षा द्यावी लागते, नाहीतर इथल्या कॉलेजात एखादं वर्ष तरी काढावं लागतं.

१८९९ च्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत परांजपे पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. तो मान त्या वर्षी बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून होता. हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्याकडे तेव्हापासून 'रँग्लर परांजपे' हेच त्यांचं नाव झालं. इंग्लंडमध्ये किंवा सरकारी नोकरीत त्यांना भरपूर पगार मिळाला असता. पण जाण्याआधीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता, की परत येऊन आजीव सदस्य होईन, म्हणजे थोडक्या पगारावर फर्ग्युसन कॉलेजात शिकवीन. ते परत आले आणि १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या अर्जाखालची बारीक अक्षरं त्यांनी स्वतः लिहिली होती. मला वाटतं, अट घालून घेण्याचा हा सगळ्यात सुखाचा प्रकार.

सगळ्यांच्या वाट्याला तो येत नाही. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. इथली पदवी त्यांनी आधीच घेतली होती, म्हणजे त्यांचा प्रवेश पुढच्या पायरीवरचा. पण करार पाहण्यासारखा आहे. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्याला हजर झाले. तिथे त्यांना अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी हुसकावलं. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं.

आपण बाँडची गोष्ट काढतो तेव्हा नेहमी विद्यार्थ्याला विचारतो, परत येशील ना? तो परत आला तर त्याला राहायला घर देणार का, हे कुणी विचारत नाही. करारावर दोन सह्या असतात.

दहा रुपयांचा दंड

शिफारसपत्रं लिहिणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून हा किस्सा मला विशेष आवडतो.

ऑक्टोबर १९०५. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीचं आंदोलन पेटलेलं. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढे असलेला फर्ग्युसनचा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर याला प्राचार्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. प्राचार्य होते रँग्लर परांजपे.

त्याच सुमाराला लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी भारतीय तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या. त्यांची अट सरकारी शिष्यवृत्तीच्या नेमकी उलटी होती. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. सावरकरांनी अर्ज केला. शिफारसपत्र दिलं लोकमान्य टिळकांनी. अर्जांची गर्दी असताना खास शिफारस करण्यात अर्थ नाही हे माहीत असूनही लिहितो, अशा सुरात ते पत्र आहे. आणि त्यात टिळक उमेदवाराची गुणवत्ता म्हणून काय सांगतात? हा तरुण स्वदेशीच्या कामात इतका उत्साही आहे, की त्यापायी त्याने कॉलेजच्या चालकांचा रोष ओढवून घेतला.

प्राचार्यांच्या वहीत जो गुन्हा होता, तो टिळकांच्या पत्रात गुण झाला. दंड एकच, फक्त वाचणारा वेगळा. १९०६ मध्ये सावरकर लंडनला गेले आणि ग्रेज इनमध्ये कायदा शिकू लागले. शिकणं पुरं झालं, पण १९०९ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर करायला नकार दिला. तिथे पुन्हा वाचणारा बदलला होता.

परांजपे, सावरकर आणि टिळक या तिघांच्या राजकारणाबद्दल तुमचं काहीही मत असो. शिफारसपत्र म्हणजे काय, हे मला या प्रसंगातून जितकं कळलं तितकं कुठल्या नमुन्यातून कळलं नाही. 'विद्यार्थी मेहनती व आज्ञाधारक आहे' असं लिहिलेलं पत्र कुणाच्याच कामाचं नसतं. कोण वाचणार आहे हे ओळखून, त्याला हवी ती खरी गोष्ट शोधून लिहावी लागते. ती खरी मात्र हवी.

वर्तणुकीचा दाखला

१ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा याने सर कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. धिंग्रा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. त्याआधीच, १९०७ मध्ये, इंग्लंडमधल्या भारतीय विद्यार्थ्यांची पाहणी करायला ली-वॉर्नर समिती नेमली गेली होती. अध्यक्ष विल्यम ली-वॉर्नर मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षं अधिकारी होते. १९०९ मध्ये इंडिया ऑफिसने विद्यार्थ्यांसाठी सल्लागार नेमला, टी. डब्ल्यू. अर्नोल्ड. पुढे क्रॉमवेल रोडवरच्या २१ नंबरच्या घरात विद्यार्थ्यांसाठी कचेरी आणि उतरायची सोय झाली.

सोय खरीच होती. नवख्या मुलाला खोली शोधून देणं, कॉलेजाची माहिती देणं, पालकांचे पैसे सांभाळणं, ही कामं तिथे होत. पण हे मदतीपुरतंच नाही, आपल्यावर लक्षही ठेवलं जातं आहे, असं विद्यार्थ्यांना वाटत राहिलं, आणि तसं वाटायला कारण होतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिरायचं तर मुलगा 'योग्य' आहे अशी सरकारी मार्गाने खात्री लागू लागली. कित्येक कॉलेजं मोजकेच भारतीय घेत. गुणपत्रिका आणि पैसे यांच्या जोडीला आता एक तिसरा कागद आला: हा मुलगा त्रास देणार नाही, याचा दाखला.

हा कागद इतिहासजमा झाला, असं मी वर्गात सांगत असे. जून २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना आपली सगळी सोशल मीडिया खाती सार्वजनिक करून ठेवायला सांगितलं, तेव्हापासून तो धडा मी 'अजून चालू' या सदरात शिकवते. क्रॉमवेल रोडवर विद्यार्थ्याला निदान समोर बसवून विचारत असत.

अठ्ठावीस दिवस

आता आजचं. माझी भाची कराडला असते. बारावी सायन्स. तिला पर्यावरणशास्त्राची पदवी इंग्लंडमधून घ्यायची आहे. युकासवर पाच पर्याय देता येतात, तिने चार भरले. तीन प्रश्नांची उत्तरं तिने स्वतः लिहिली, कृष्णेच्या पुराबद्दल लिहिली, आणि ती चांगली आहेत. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते बारीक अक्षरांबद्दल.

तिने सरकारी शिष्यवृत्त्या शोधल्या. केंद्र सरकारची 'नॅशनल ओव्हरसीज' शिष्यवृत्ती आहे, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. दोन्ही मागास आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी, दोन्ही मोलाच्या. आणि दोन्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी. बारावीनंतरच्या पहिल्या पदवीसाठी त्यांत जागा नाही. विद्यापीठं आपल्या शिष्यवृत्त्या देतात, पण बहुतेक वेळा त्या फीमधली काही टक्के सूट असतात. म्हणजे अठराव्या वर्षी बाहेर शिकायचं तर पैसे घरचे किंवा कर्जाचे. सरकारी योजनेने जायचं असेल तर आधी इथे पदवी घ्या. हा नियम गैर आहे असं मी म्हणत नाही. मर्यादित पैसा कुठे वापरावा याचा तो एक हिशेब आहे. पण त्याचा परिणाम असा, की पहिल्या पदवीच्या रांगेत उभं कोण राहणार हे बहुतांशी आईबापांच्या खात्यावर ठरतं.

खात्याचेही नियम आहेत. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी फीचे आणि राहण्याखाण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून असावे लागतात. एक दिवस रक्कम खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं वडिलांचं असेल तर मुलीचा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतिपत्र. दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदाराच्या खात्यात २८ दिवस पैसा हलत नाही, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटली. "पैसा फिरला तर धंदा," ते म्हणाले. शेवटी शैक्षणिक कर्जाचा मार्ग निघाला. साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात. तारण म्हणजे राहतं घर.

घर म्हटल्यावर घरातला प्रत्येकजण बोलू लागला. दाजींचं म्हणणं, शिकून नोकरी तिथेच कर, नाहीतर हप्ते फिटायचे नाहीत. ताईचं म्हणणं, तीन वर्षांत परत ये. आजीला पंचविशीच्या आत लग्न हवं. भाचीचा धाकटा भाऊ दहावीत आहे. त्याने काहीच विचारलं नाही, पण घर एकदाच तारण ठेवता येतं हे त्याला कळलेलं दिसत होतं. आणि याच वेळी तिने सावधगिरी म्हणून अमेरिकेची माहिती काढली, तर तिथला कायदा अर्जदाराला कायमचं राहायलाच आलेला धरून चालतो. परत जाणार हे विद्यार्थ्याने व्हिसा अधिकाऱ्याला पटवायचं.

"मावशी, बाबा म्हणतात तिथेच राहा. आई म्हणते परत ये. व्हिसावाले म्हणतात परत जाणार हे सिद्ध कर. आणि मला फक्त शिकायचंय. मी कुणाला काय सांगू?"

तेव्हा मी तिला वर लिहिलेल्या गोष्टी सांगितल्या. उपदेश म्हणून नाही. इतिहास शिकवणाऱ्याला दुसरं येतं काय? आनंदीबाईंना धर्म मागितला गेला, त्यांनी दिला नाही. कॉर्नेलियाला पुरुष असणं मागितलं गेलं, ते देण्यासारखं नव्हतं, तिने दुसरे पैसे शोधले. परांजप्यांनी सेवा कबूल केली आणि केली. आंबेडकरांनीही कबूल केली, पण समोरच्यांनी जागा दिली नाही. सावरकरांना सरकारी नोकरीवर पाणी सोडायला सांगितलं, ते त्यांना हवंच होतं. फुकट कुणीच गेलं नाही. अट असणं हे अपमानाचं नाही. कुठली अट आपण पाळू शकतो आणि कुठली पाळली तर आपण आपण राहणार नाही, एवढं मात्र सही करण्याआधी कळलेलं असावं.

भाचीने एका फुलस्केपवर रकाने पाडले. कोण किती देणार, बदल्यात काय हवं, मला जमेल का. आजीच्या लग्नाच्या अटीसमोर तिने 'नाही' लिहिलं आणि आजीला वाचून दाखवलं. आजी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने आपल्या पाटल्या कपाटातून काढून टेबलावर ठेवल्या. त्या विकायच्या का, यावर अजून वाद चालू आहे. भावाच्या नावासमोर तिने लिहिलं, 'पहिली नोकरी लागली की याची फी माझ्याकडे.' परत येण्याच्या रकान्यात तिने काही लिहिलं नाही. अठराव्या वर्षी ते कुणी लिहू शकत असेल असं मला वाटतही नाही. परांजप्यांनी लिहिलं, पण ते गेले तेव्हा वीस वर्षांचे होते आणि कुठल्या कॉलेजात, कुठल्या माणसांत परत यायचं हे त्यांना माहीत होतं.

दोन विद्यापीठांनी तिला बारावीच्या गुणांच्या अटीवर प्रवेश देऊ केला आहे. बँकेचं उत्तर यायचं आहे. पुण्यातल्या एका कॉलेजाचा फॉर्मही तिने भरून ठेवला आहे, आणि तो कमीपणाचा नाही हे मी तिला सांगितलं. कॉर्नेलियाला कोर्टात उभं राहायला लागणारा कागद मिळायला तीस वर्षं लागली. ज्या बायकांसाठी तिला तो हवा होता, त्यांचं काम तिने त्याआधीच सुरू केलं होतं.